मनमिळाऊ, वक्तशीर

४ सप्टेंबर

प्रिय,

कसा आहेस असं विचारत नाही. परवाच्या फोटोत दिसलास. गाल भरलेत आणि केस कोणीतरी नीट कापून दिलेत.

फोनवर मी नुसतं ‘बरंय’ म्हणते अशी तुझी तक्रार. अरे, फोन आईंच्या हातातून माझ्या हातात येतो आणि त्या शेजारीच बसलेल्या असतात. तुझी आई शेजारी बसलेली असताना तुझ्या बायकोनं तुला ‘बरंय’ सोडून काय सांगायचं? मग तूच म्हणालास, लिही. तर लिहितेय. जेवणाच्या सुट्टीत, आपल्या कान तपासणी विभागातल्या खिडकीकडच्या टेबलावर. डबा उघडून ठेवलाय, पण आधी लिहितेय, कारण मला तुला एक गोष्ट सांगायचीय आणि ती शेवटी सांगेन.

आधी फोटोबद्दल. फोटो पाठवून वर घाईघाईनं लिहिलंस, ‘ती कुरळ्या केसांची माझी वर्गमैत्रीण, उगाच काही मनात आणू नकोस.’ मी काही मनात आणलं नाही. खरं सांगू? ती तुझ्याकडे बघत होती की कॅमेऱ्याकडे, हेही मी पाहिलं नाही. मी तिच्या मागची खोली बघत होते. भिंतींना सगळीकडून तो करड्या फोमचा थर, मध्ये लहान मुलाची खुर्ची, आणि चहूबाजूंनी स्पीकर. मी मोजायला गेले आणि सोडून दिलं. आपल्या ध्वनिरोधक खोलीचं दार अजून फडका कोंबून बंद करावं लागतं. बाहेर झाडूवाल्या मावशींनी बादली ठेवली की आत मूल दचकतं, आणि आपण लिहितो, ‘ऐकू येतं.’

तर तुझ्या मैत्रिणीला माझ्याकडून काही धोका नाही. मला त्या खोलीचा हेवा वाटला. इतका की पोटात दुखलं, शब्दशः.

दोन वर्षांपूर्वी आपण दोघांनी एकाच टेबलावर बसून एकाच शिष्यवृत्तीचे अर्ज भरले. फी, राहणं-खाणं, विमानाचं तिकीट, सगळं त्यांच्याकडून, म्हणून तर देशभरातून माणसं तुटून पडतात. दोघांनाही मुलाखतीला बोलावलं. तुझी निवड झाली आणि मी राखीव यादीत. कोणी जागा सोडली तर मला. अशी जागा कोण सोडतं? तू गेलास. गेल्या वर्षी मी अर्ज भरला नाही, कारण तू नुकताच गेला होतास, विभागात मी एकटी होते आणि आईंचा हात प्लास्टरमध्ये होता. तू तेव्हा म्हणालास, ‘पुढच्या वर्षी बघू.’ ‘बघू’ हा शब्द तुझ्या तोंडून फार सहज येतो.

पुढचं वर्ष आलं. मी अर्ज भरतेय. हीच ती गोष्ट.

आईंना अजून सांगितलेलं नाही. तूही सांगू नकोस.

तुझी


२१ सप्टेंबर

प्रिय,

तुझं उत्तर मिळालं. ‘निबंध पाठव, मी बघून देतो.’ नको. मनापासून सांगते, नको. तू बघून दिलंस तर निवड झाल्यावर मला कायम वाटत राहील की ती तुझी झाली. पुन्हा.

राग मानू नकोस. पण राग मानलास तरी चालेल.

निबंध जिवावर आलाय. ‘तुम्ही नेतृत्व केल्याचा एक प्रसंग सांगा.’ तू लिहिलंयस, ‘आम्ही’ खोड आणि ‘मी’ लिही, त्यांना ‘मी’ लागतो. सोपं आहे तुला. मी कुठलाही प्रसंग आठवायला घेतला की त्यात तू असतोसच, खोके उचलताना, वायर जोडताना, पालकांशी बोलताना. आणि सगळ्यात चांगला प्रसंग तर मी तुला देऊन बसलेय. डोंगराकडच्या शाळांतलं कान तपासणीचं शिबिर. दोघांच्या अर्जात एकच शिबिर कसं चालेल, म्हणून आपण कामं वाटून घेतली. तू म्हणालास, ‘शिबिर मला दे, तुझ्याकडे मुलांचा वर्ग आहेच की.’ मी दिलं. त्या शाळांची यादी मी केली होती, मुख्याध्यापकांना पटवलं मी, जीपवाल्याशी भांडले मी. मुलाखतीत त्यांनी तुला शिबिराबद्दलच विचारलं, हे तू घरी येऊन आनंदानं सांगितलंस. मी पोहे… नाही, मी काय करत होते ते आठवत नाही. हसत होते एवढं आठवतं.

तू चोरलंस असं म्हणत नाही. मीच दिलं. पण दिलेली वस्तू दुसऱ्याच्या अंगावर शोभून दिसली की काय होतं, ते तुला माहीत नाही, कारण तू मला असं काही दिलेलंच नाहीस.

असो. दुसरी बातमी. तुझ्या जागेवर आलेली मुलगी, जिला अख्खा विभाग अजूनही ‘नवी’ म्हणतो, तीसुद्धा हीच शिष्यवृत्ती भरतेय. तुझ्या खुर्चीत बसते, तुझा कप वापरते, आणि आता तुझ्या वाटेनं जायचंय तिला. तू परत आलास की तिची नोकरी संपणार, त्यामुळे तिला घाई आहे. मला ‘ताई, ताई’ करत दिवसभर मागे असते. मुलगी वाईट नाही. माझ्यापेक्षा आठ-नऊ वर्षांनी लहान आहे आणि कुठल्याही विषयावर भराभर लिहिते. सकाळी निबंधाला बसली की दुपारी तयार. मी तिच्या बोटांकडे बघत बसते.

आणि आईंना काल सांगितलं. मला वाटलं होतं, ‘मग माझ्याजवळ कोण?’ म्हणतील. त्या वर्तमानपत्र वाचत होत्या. चष्म्यावरून बघत म्हणाल्या, “भर की. पण त्याला विचारत बसू नकोस. त्यानं जाताना तुला विचारलं होतं का?”

मी म्हटलं, “विचारलं होतं.”

“सांगितलं होतं,” आई म्हणाल्या. “विचारणं वेगळं.”

तीस वर्षं शाळा चालवलेली बाई. तुझी आई आहे, पण कधीकधी मला वाटतं, माझ्या वाट्याला जास्त आली.

तुझी


९ ऑक्टोबर

तुला,

‘प्रिय’ आज लिहवत नाही.

आज दुपारी नवी तिचा निबंध घेऊन आली. “ताई, एकदा वाचाल? दादा म्हणाले, शेवट तुमच्याकडून तपासून घे, शेवट तुम्हाला चांगला जमतो.”

मी विचारलं, “कुठले दादा?”

“आपले दादा,” ती म्हणाली. म्हणजे माझा नवरा. “दर रविवारी बोलतात ना माझ्याशी. मुलाखतीचे प्रश्नसुद्धा पाठवलेत त्यांनी. तुम्हाला माहीत आहे ना?”

“हो तर,” मी म्हटलं. “माहीत आहे की.”

तोंडावर रेषही हलू दिली नाही. दिवसभर मुलांच्या चाचण्या घेणारी बाई मी, चेहरा कोरा ठेवणं हा माझा धंदाच आहे. आवाज कधी सोडला हे मुलाला आपल्या चेहऱ्यावरून कळता कामा नये, तूच शिकवलंस.

दर रविवारी. मला रविवारी तू सांगतोस, ‘कपडे धुतो, स्वयंपाक करतो, जरा झोपतो.’

मी तुझी मदत नाकारली हे मला आठवतंय. मुलीनं विचारलं आणि तू हो म्हणालास, यात पाप काही नाही हेही कळतं. तू काय उत्तर देशील ते मी इथे बसून लिहून देऊ शकते: ‘तू नको म्हणालीस, ती मागत होती, मी काय करणार होतो?’ सांगणार होतास, अरे. एवढंच करणार होतास.

एक विचारते. तिच्या निबंधात तू ‘मी’ किती ठिकाणी घातलास? भरपूर असतील. तिच्याकडून कोणी शिबिर मागून घेतलेलं नाही.

फोन करू नकोस. आईंना सांगेन की तुझ्या परीक्षा आहेत.


१४ ऑक्टोबर

तुझी माफी पोहोचली. लांबलचक आहे. ठेवलीये.

आज मी तुला एक मजेची गोष्ट सांगणार आहे. मजेची म्हणजे माझ्या दृष्टीनं.

शिफारसपत्र विभागप्रमुखांनी द्यायचं असतं, माहीत आहेच. तुझ्या वेळी सरांनी स्वतः लिहिलं होतं. यंदा त्यांच्या मुलीचं बाळंतपण आहे, सर अर्धे इथे अर्धे तिथे. काल मला केबिनमध्ये बोलावलं. म्हणाले, “तुम्ही दोघी भरताय. मला दोघींबद्दल लिहायला वेळ नाही. तू सिनियर आहेस, दोन्ही पत्रांचे मसुदे तूच करून आण. मी वाचून, हवं ते बदलून सही करीन.”

मी म्हटलं, “सर, तिचंही मीच?”

“मग काय? तू तिच्याबरोबर रोज काम करतेस. तुझ्याइतकं तिला कोण ओळखतं?”

बघ, कसं असतं. मला काही मागावंही लागलं नाही. माझी प्रतिस्पर्धी, जिला माझा नवरा दर रविवारी तयार करतो, तिची शिफारस माझ्या हातात.

काल संध्याकाळी बसले आणि झरझर लिहिलं. इतके दिवस निबंध पुढे सरकत नव्हता, आणि हे एका बैठकीत. एकही वाईट शब्द नाही हां. तोंड भरून कौतुक आहे. ‘कुमारी अमुक या अत्यंत मेहनती, वक्तशीर आणि मनमिळाऊ आहेत. दिलेल्या सूचना त्या काटेकोरपणे पाळतात. सहकाऱ्यांशी त्यांचे संबंध सौहार्दाचे आहेत. त्यांच्या उज्ज्वल भविष्यासाठी शुभेच्छा.’ वाचून कोणीही म्हणेल, काय छान पत्र. तिनं स्वतः वाचलं तर मला मिठी मारेल.

सकाळी सरांच्या टेबलावर ठेवून आले. सर परवा येणार आहेत.

माझ्या स्वतःच्या पत्राचं अजून एक वाक्य लिहिलेलं नाही. स्वतःला काय म्हणायचं? मनमिळाऊ तर नक्कीच नाही.

आज मला फार बरं वाटतंय. हे कोणाला तरी सांगायचं होतं, आणि बघ, तूच आठवलास.


१७ ऑक्टोबर

प्रिय,

बरं वाटणं टिकलं नाही.

त्याच संध्याकाळी आईंनी विचारलं, “कसली खुशीत आहेस?” मी त्यांना पत्राची माझ्याजवळची प्रत वाचून दाखवली. का दाखवलं देव जाणे. बहुतेक मला कोणीतरी शाबास म्हणायला हवं होतं.

आई ऐकत होत्या, भाजी निवडत होत्या. संपल्यावर म्हणाल्या, “पुन्हा वाच.” मी पुन्हा वाचलं.

“मनमिळाऊ,” त्या म्हणाल्या. “हा शब्द आम्ही शाळेत राखून ठेवलेला असायचा. ज्या मुलाबद्दल सांगण्यासारखं काहीच नाही, त्याच्या दाखल्यावर लिहायचा. आणि वक्तशीर म्हणजे, येतो वेळेवर, पुढचं विचारू नका.”

मी कागदाची घडी घातली.

“मुलगी खरंच अशी आहे?”

“नाही.”

“मग कशी आहे?”

मी म्हटलं, “मला नाही माहीत. मी बघितलं नाही.”

“वर्षभर एका खोलीत काम करता आणि बघितलं नाहीस?” आई मला कधी ओरडत नाहीत. ओरडल्याही नाहीत. भाजीचं ताट उचलून आत गेल्या. त्यापेक्षा ओरडल्या असत्या तर बरं होतं.

दुसऱ्या दिवशी ठरवून बघितलं. म्हटलं, बघूच, तुझ्या रविवारच्या शिष्येत काय आहे.

चार वर्षांचा मुलगा आला होता, आईबरोबर. आई सारखी म्हणत होती, “ऐकतो हो हा, हाक मारली की वळतो, फक्त बोलत नाही.” नवीनं त्याला आत खुर्चीवर बसवलं, समोर डबा आणि मणी. आवाज आला की मणी डब्यात टाकायचा. मी काचेच्या अलीकडे यंत्रापाशी उभी. नवी आवाज सोडत होती, आणि पोरगा प्रत्येक वेळी मणी टाकत होता. टप, टप. अगदी बारीक आवाजालासुद्धा. मी मनात म्हटलं, ऐकतोय की, लिही आणि सोड.

नवी लिहीना. मुलाकडे बघतही नव्हती ती. त्याच्या आईकडे बघत होती. मग मलाही दिसलं. स्पीकरमधून आवाज आला की आईच्या भुवया वर जात होत्या. एवढ्याशा. पोरगा आईचा चेहरा वाचत होता, आणि मणी टाकत होता.

मी असते तर आईला बाहेर पाठवलं असतं. पोरगा रडला असता, चाचणी बारगळली असती. नवी आत गेली, आईच्या कानांवर हेडफोन चढवले, त्यात गाणी लावली आणि हसून म्हणाली, “तुम्ही जरा आराम करा.” परत येऊन आवाज सोडला. मणी हातात तसाच. मोठा केला. तसाच. आणखी मोठा. पोरगा आईकडे बघतोय, आई कान झाकून बसलेली, आणि आम्ही काही सांगायच्या आधीच तिला कळलं. तिच्या चेहऱ्यावरून मला दिसलं की कळलं.

तेव्हा नवी आत जाऊन तिच्याजवळ जमिनीवर बसली. नुसती बसली. मशीन, ऑपरेशन, खर्च, काही बोलली नाही. मी असते तर तोपर्यंत तीन पत्रकं हातात दिली असती. ती बाई रडून थांबेपर्यंत नवी मुलाबरोबर मणी रंगांप्रमाणे लावत बसली. मग बाईनंच विचारलं, “आता काय करायचं?” आणि मग नवी बोलली.

मला किती हेवा वाटला म्हणून सांगू. तुझ्या त्या स्पीकरांच्या खोलीचा वाटला होता त्यापेक्षा जास्त. खोली काय, पैसे असले की बांधता येते.

सरांच्या केबिनमधून मसुदा उचलून आणला आणि फाडला. नवीन पत्रात फक्त तो एक प्रसंग लिहिला, भुवयांसकट. एकही विशेषण घातलं नाही. लिहिताना दर ओळीला वाटत होतं, स्वतःच्या हातानं जागा देऊन टाकतेय. एक शिबिर दिलं ते पुरलं नाही का? पण हे शिबिरासारखं नव्हतं. हे माझं नव्हतंच, तिचंच होतं.

मग तिला बोलावून सगळं सांगितलं. मसुदे माझ्याकडे आहेत, पहिला कसा होता, तेही. तिनं विचारलं, “काय लिहिलं होतं?” मी सांगितलं. ती थोडा वेळ तुझ्या कपाकडे बघत राहिली. “मनमिळाऊ?” म्हणाली. “बाप रे, ताई.” आणि हसली, पण डोळे हसत नव्हते. तेवढं माझ्या वाट्याला यायलाच हवं होतं, घेतलं मी.

मी म्हटलं, “माझं पत्र मला लिहिता येत नाही. तू लिही. तुला हवं तसं. सूड घ्यायचा तर घे.”

दुपारपर्यंत घेऊन आली. पहिला परिच्छेद वाचून मला घाम फुटला: ‘ताई म्हणजे वात्सल्याचा महासागर.’ महासागर मी खोडला. ती म्हणाली, “निदान तलाव तरी ठेवा.” तलावही खोडला. पण खाली एक वाक्य होतं, ते तसंच ठेवलं: ‘त्या कुठल्याही पालकांना सगळं ठीक होईल असं सांगत नाहीत, म्हणूनच पालक त्यांच्याकडे परत येतात.’ माझ्याबद्दल असं काही खरं आहे, हे मला माहीत नव्हतं. तूही कधी बोलला नाहीस.

सरांनी दोन्ही वाचली, आपली दोन-दोन वाक्यं घातली. मग त्यांच्यापुढे अडचण आली. अर्जात विचारलंय, तुमच्या उमेदवारांत याचा क्रमांक कितवा. सर मला म्हणाले, “खरं सांग, दोघींत सरस कोण?”

‘मी’ हा शब्द ओठांवर आला होता. तुझा आवडता शब्द. मी म्हटलं, “ते तुम्ही ठरवा, सर,” आणि काढता पाय घेतला. त्यांनी काय भरलं ते मला माहीत नाही. विचारणारही नाही.

रविवारी तिच्याशी बोलत जा. पण मला सांगून.

तुझी


२३ जानेवारी

प्रिय,

मुलाखत झाली. दोघींनाही बोलावलं होतं. एकाच बसनं गेलो, नवी पूर्ण वाट खिडकीला डोकं टेकून उत्तरं पुटपुटत होती आणि मी तिला गप्प बस म्हणत होते.

तिची माझ्या आधी झाली. बाहेर आली तेव्हा तिचा चेहरा कोरा होता. आमच्या धंद्यात सगळेच शिकतात ते.

आत तिघं होते. मधल्या बाई केस बारीक कापलेल्या, हातात माझा अर्ज. पहिलाच प्रश्न: “तुमचे पती आमचेच विद्यार्थी. त्यांच्याजवळ जाता यावं म्हणून अर्ज केलाय का?”

मला आता तुला एक सांगायला हवं. खरं तर सप्टेंबरमध्येच सांगायला हवं होतं, आणि मी तुला रविवारांवरून बोल लावत होते. मी म्हटलं, “नाही. मी निवडलेल्या विद्यापीठांत त्यांचं विद्यापीठ नाही. त्यांचा देशही नाही.”

वाचून तुला कसं वाटलं असेल ते मला इथे बसून दिसतंय. थोडं थांब, सगळं वाच.

बाईंनी चष्मा काढला. “मग हा अर्ज कशासाठी?”

तयार केलेलं उत्तर होतं. समाज, सेवा, क्षमता. ते कुठे गेलं कोण जाणे. मी म्हटलं, “हेवा वाटतो म्हणून.”

डावीकडचे गृहस्थ लिहायचे थांबले.

मी म्हटलं, “माझा नवरा फोटो पाठवतो. मी त्यातली माणसं बघत नाही, मागची यंत्रं बघते. आधी वाटायचं, मला तीच यंत्रं हवीत. मग कळलं, नकोत. आमच्याकडे ऐकू न येणाऱ्या मुलांच्या कानात आता उपकरणं बसतात. सरकार बसवून देतं, फोटो निघतात. सहा महिन्यांनी मी त्यांच्या घरी जाते तेव्हा उपकरण कपाटात असतं, डबीत, कापसात गुंडाळून. कारण मुलाला आवाज येतो, पण आवाजाचं करायचं काय ते कोणी शिकवलेलं नसतं. त्याला तो नुसता गोंगाट वाटतो आणि ते मूल उपकरण काढून फेकतं. ऐकायला शिकवणं हा वेगळा अभ्यास आहे. तो जिथे चांगला शिकवतात तिथलं नाव मी लिहिलंय. तिथे शिकलेल्या माणसांचा मला हेवा वाटतो. तो गेला की मी अर्ज करणं थांबवीन.”

बाईंनी विचारलं, “आणि निवड झाली नाही तर?”

“तर पुढच्या वर्षी याच खुर्चीत.”

उजवीकडचे हसले. बाई हसल्या नाहीत, अर्जावर काहीतरी लिहिलं त्यांनी.

तर हे असं. तुझ्या विद्यापीठात कान मोजायला शिकवतात, आणि तू ते उत्तम शिकशील. माझं काम त्यानंतर सुरू होतं. हे खरं कारण आहे आणि ते पुरेसं आहे. पण दुसरंही आहे. तिथे आले असते तर मी पहिल्या दिवसापासून तुझी बायको झाले असते. तू दारात उभा राहून ओळख करून दिली असतीस, प्रेमानंच, कुठलं वाचनालय चांगलं, कुठली बस पकडायची, सगळं आधीच तुला माहीत. मला एकदा तरी रस्ता चुकायचाय.

रागावलास तर लिही. फोनवर नको, आई शेजारी असतात.

तुझी


२ एप्रिल

प्रिय,

काल फोनवर जेमतेम बोलणं झालं, आई मधेमधे पुसत होत्या, डोळेही आणि फोनही. म्हणून आता नीट लिहिते.

निकालाचा मेल सकाळी आला, आम्ही दोघी विभागात असताना. दोघींचे फोन एकदमच वाजले. मी माझा उघडला, तीन वेळा वाचला. निवड. वर बघितलं तर नवी आपला फोन पालथा ठेवत होती. “राखीव यादी,” ती म्हणाली. आणि लगेच, “अभिनंदन, ताई.” मग ध्वनिरोधक खोलीत गेली आणि दार ओढून घेतलं. फडका मात्र बाहेरच पडला होता, त्यामुळे दार नीट लागलं नाही.

मी बाहेर बाकावर बसले. आत गेले नाही. समजवायला माझ्याकडे काही नव्हतं, आणि त्या यादीत मी राहून आलेय, तिथे कोणी आलेलं आवडत नाही. ती बाहेर आली तेव्हा डोळे सुजलेले. माझ्या शेजारी बसली आणि म्हणाली, “मला तुमचा इतका राग येतोय ना.”

मी म्हटलं, “येऊ दे.”

“तुम्ही ते पत्र लिहिलं नसतंत तर मी नुसता तुमच्यावर रागावून मोकळी झाले असते. आता तेही धड जमत नाही.”

मी सरांशी बोललेय. तू जुलैमध्ये परत येशील, मी सप्टेंबरमध्ये जाईन, माझी जागा दोन वर्षं रिकामी. ती नवीला मिळेल. म्हणजे तुम्ही दोघं एकाच विभागात असाल, रोज, आणि तिचा पुढचा अर्ज तू तिच्यासमोर बसून बघशील. मला हेवा वाटेल का? वाटेल. लांबून वाटेल, फोटो बघून वाटेल. तू जरूर पाठव.

आईंनी बॅग काढून उन्हात ठेवलीये, आतापासून. मी म्हटलं, “आई, अजून पाच महिने आहेत.” त्या म्हणाल्या, “वास जायला वेळ लागतो.” मग जरा वेळानं म्हणाल्या, “तो आला की त्याला स्वयंपाक शिकवते. तिकडे रविवारी करतो म्हणे.”

आता कालच्या फोनबद्दल. मी म्हटलं, “माझी निवड झाली,” आणि तू थांबलास. मग ‘अरे वा’ म्हणालास, मनापासून म्हणालास, आणि पुढे भरभरून बोललास. पण त्याआधी थांबलास. तुला वाटलं असेल की लाइनच्या आवाजात ते लपलं. मी ऐकायचं काम करते रे, माझ्यापासून काय लपणार?

तुझी निवड झाली होती त्या दिवशी मीही तशीच थांबले होते. तुला कळलं नाही, तू नाचत होतास. त्या थांबण्यात काय काय असतं ते मला सगळं माहीत आहे. आता ही जाणार, आपण मागे राहणार, तिला ती खोली, ती माणसं, ते दिवस मिळणार, आणि आपण आईंच्या शेजारी बसून ‘बरंय’ म्हणणार. आणि या सगळ्यावर पाय देऊन ‘अरे वा’ म्हणायचं. तू म्हणालास.

तुला वाईट वाटावं म्हणून हे लिहीत नाहीये. दीड वर्ष मला वाटत होतं की आपल्या दोघांत वाईट मनाची मी एकटीच. तू तिकडे चांगला, आनंदी, सगळ्यांना मदत करणारा, आणि मी इथे फोटोतल्या भिंतींवर जळणारी. काल तू थांबलास आणि मला वाटलं, आहे, हा माझ्यासारखाच आहे. तू गेल्यापासून पहिल्यांदाच तू माझ्या शेजारी बसल्यासारखं वाटलं.

तुझी